सेलिब्रिटी स्पेशलमध्ये प्रश्न मुद्दाम सोपे देतात का? आणि दिले तर ती फसवणूक होते का?

नेरूळच्या एका सोसायटीच्या सांस्कृतिक समितीतल्या गृहस्थांनी विचारलंय ते थोडक्यात असं: "आमच्याकडे गणपतीत दरवर्षी क्विझ होते. यंदा 'सेलिब्रिटी स्पेशल' करायचं चाललंय. सोसायटीतच राहणारे मालिकांमधले एक नट, एक माजी नगरसेवक, एक नावाजलेल्या डॉक्टर आणि एक जुने रणजीपटू अशा चौघांना स्टेजवर बसवायचं. समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो प्रश्न सोपे काढा, पाहुण्यांचा पोपट व्हायला नको. दुसरा म्हणतो ही चक्क फसवणूक. टीव्हीवर हे कसं करतात आणि ही पद्धत आली कुठून?"

मी ठाण्यात राहते. शाळा-कॉलेजांच्या क्विझपासून वाहिन्यांवरच्या गेम शोपर्यंत प्रश्न तयार करणं आणि दुसऱ्यांनी केलेले तपासणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. हा कोपरा प्रेक्षकांना दिसत नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

तुमचे दोन तट एकाच गोष्टीवरून भांडतायत असं मला वाटत नाही. पहिल्याला पाहुण्यांच्या अब्रूची काळजी आहे, दुसऱ्याला खेळाच्या खरेपणाची. आधी ठरवायला हवं ते हे, की खुर्चीत बसलेल्या माणसाचं पणाला काय लागलंय. २०१९ मध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी जिंकल्या. त्या शाळेत खिचडी शिजवायच्या, महिना दीड हजार रुपयांवर. त्यांच्या समोर आलेल्या प्रत्येक प्रश्नावर घराचं पुढचं सगळं टांगलेलं होतं. त्याच खुर्चीत नट बसला तर त्याचं त्या पैशांवाचून काही अडत नाही. शिवाय पैसे बहुधा एखाद्या सेवाभावी संस्थेला जाणार असतात. उत्तर चुकलं तर त्याचं नाव जातं, आणि ते चार दिवस मोबाइलवर फिरत राहतं. सेलिब्रिटी खेळाचे सगळे बदललेले नियम याच एका फरकातून निघालेत. इतिहास पाहिला की हे आपोआप कळतं.

सुरुवात अमेरिकेतल्या एका लफड्यापासून करायला लागते. १९५५ मध्ये तिथे 'द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन' सुरू झाला आणि मोठ्या रकमांच्या क्विझचं पेव फुटलं. त्यातलाच एक 'ट्वेंटी-वन'. डिसेंबर १९५६ मध्ये त्यात चार्ल्स व्हॅन डोरेन या देखण्या प्राध्यापकाने हर्ब स्टेम्पेलला हरवलं, आणि पुढे जिंकत जिंकत १,२९,००० डॉलरपर्यंत गेला. 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. म्हणजे तेव्हा सेलिब्रिटी क्विझमध्ये यायचे नाहीत, क्विझमधून तयार व्हायचे. पुढे कळलं की उत्तरं आधी पुरवलेली होती, आणि स्टेम्पेलला त्याला पक्कं ठाऊक असलेल्या प्रश्नावर मुद्दाम चुकायला सांगितलं होतं. नोव्हेंबर १९५९ मध्ये व्हॅन डोरेनने अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर सगळं कबूल केलं. १९६० मध्ये कायदा झाला: प्रेक्षकांना फसवण्याच्या हेतूने स्पर्धकाला खास आणि गुप्त मदत पुरवणं हा गुन्हा.

तुमच्या दुसऱ्या तटाला हे वाक्य वाचून दाखवा. कायद्याचा रोख गुप्ततेवर आणि एकालाच दिलेल्या मदतीवर आहे. सगळ्या खेळाडूंना सारखाच सोपा संच देणं आणि तसं उघड सांगणं ही वेगळी गोष्ट. एकाला व्हॉट्सअॅपवर आदल्या रात्री प्रश्न पाठवणं ही मात्र नक्की फसवणूक, मग प्रश्न कितीही अवघड असेनात.

या प्रकरणानंतर मोठ्या रकमा आखडल्या. रकमेची धडधड गेल्यावर लोकांना टीव्हीसमोर बसवायचं कशाने? उत्तर निघालं, चेहऱ्यांनी. ऑक्टोबर १९६१ मध्ये सीबीएस वाहिनीवर 'पासवर्ड' सुरू झाला. त्यात एक सेलिब्रिटी आणि एक सामान्य माणूस अशी जोडी असायची, एकाने सूचक शब्द द्यायचा, दुसऱ्याने मूळ शब्द ओळखायचा, आणि बक्षीस सामान्य माणसाला. तारा इथे खेळाडू कमी आणि जोडीदार जास्त. (त्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक अॅलन लडन आणि वारंवार येणारी पाहुणी बेटी व्हाइट यांनी १९६३ मध्ये लग्न केलं. क्विझमध्ये निदान एकाला तरी बरोबर उत्तर सापडलं म्हणायचं.) १९६६ मध्ये 'हॉलिवूड स्क्वेअर्स' आला. आपल्या फुली-गोळ्याच्या नऊ घरांत नऊ तारेतारका बसवायच्या. तारा उत्तर देणार, ते खरं की थाप हे सामान्य स्पर्धकाने ओळखायचं.

'हॉलिवूड स्क्वेअर्स'मधला एक तपशील माझ्या धंद्याच्या दृष्टीने फार मोलाचा. त्यातल्या विनोदी थापा काही उत्स्फूर्त नसत. कुठल्या विषयावर प्रश्न येऊ शकतो आणि कोणती थाप मारता येईल याची काही ताऱ्यांशी आधी चर्चा व्हायची. लफड्याची आठवण ताजी असताना हे चाललं कसं? कार्यक्रमाच्या शेवटी तसं चक्क जाहीर केलं जायचं. पैशासाठी खेळणारा सामान्य स्पर्धक पूर्णपणे अंधारात, ताऱ्याला थोडी तयारी, आणि प्रेक्षकाला दोन्ही माहीत. मला वाटतं सेलिब्रिटी खेळाच्या नीतीचा पाया तिथेच घातला गेला.

तारा स्वतः स्पर्धक म्हणून बझरवर हात ठेवून उभा राहिला, तोही दानधर्मासाठी, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला क्विझ शो 'जेपर्डी'. मर्व्ह ग्रिफिनने १९६४ मध्ये तयार केलेला हा खेळ १९८४ पासून अॅलेक्स ट्रेबेकच्या सूत्रसंचालनाखाली नव्याने चालला. ऑक्टोबर १९९२ मध्ये त्याचा पहिला सेलिब्रिटी आठवडा झाला. पहिल्याच सामन्यात कॅरल बर्नेट, डॉना मिल्स आणि रेजिस फिल्बिन होते. हा फिल्बिन म्हणजे सात वर्षांनी अमेरिकेतला 'हू वाँट्स टु बी अ मिल्यनेर' चालवणारा तोच.

'जेपर्डी' ताऱ्यांसाठी धोक्याचा, कारण चुकलात की गुण वजा होतात. साध्या सामन्यात शून्यावर किंवा खाली असलेला माणूस शेवटच्या फेरीत खेळूच शकत नाही, त्याला बाजूला उभं राहावं लागतं. सेलिब्रिटी सामन्यात हे चालणार कसं? २००९ मध्ये सीएनएनचा वृत्तनिवेदक वुल्फ ब्लिट्झर उणे ४,६०० डॉलरवर पोचला. त्याला शेवटच्या फेरीसाठी वरून १,००० डॉलर दिले गेले आणि खेळू दिलं. त्याच सामन्यात विनोदी नट अँडी रिक्टरने ६८,००० डॉलर मिळवले. म्हणजे 'गंभीर' बातमीदार आपटला आणि विदूषक जिंकला. तुमच्या डॉक्टरबाई आणि नटसाहेब यांच्याबद्दल आधीच अंदाज बांधू नका, एवढंच यातून घ्या. सेलिब्रिटी सामन्यांतले प्रश्न नेहमीच्या सामन्यांपेक्षा हलके असतात हे 'जेपर्डी' पाहणाऱ्या कुणालाही कळतं, त्यावर वर्षानुवर्षं विनोद होत आलेत, आणि तरी कुणी त्याला फसवणूक म्हणत नाही.

मात्र खेळाडू तयारीचे असले तर हाच खेळ कडक होऊ शकतो. २०२२ मध्ये एबीसी वाहिनीवर तासाभराचा 'सेलिब्रिटी जेपर्डी' सुरू झाला. एक जादा फेरी आली आणि अंतिम विजेत्याच्या संस्थेला दहा लाख डॉलर ठेवले गेले. पहिलं पर्व आइक बॅरिनहोल्ट्झ या नटाने जिंकलं. मग त्याला नेहमीच्या विजेत्यांच्या स्पर्धेत बोलावलं आणि २०२४ मध्ये त्याने तिथेही उपांत्यपूर्व सामना जिंकून दाखवला. हे सांगायचं कारण असं, की "सेलिब्रिटी म्हणजे कच्चे" हे गृहीत धरून संच काढला तर हुशार पाहुण्याचा अपमान होतो. तोही पोपटच, फक्त उलटा.

दुसरी शाखा 'मिल्यनेर'ची, आपल्याला जास्त ओळखीची, कारण आपला 'केबीसी' ही त्याचीच भारतीय आवृत्ती. मूळ कार्यक्रम ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झाला. अमेरिकेने मे २००० मध्ये सेलिब्रिटी आवृत्ती केली तेव्हा ३२,००० डॉलरच्या प्रश्नापर्यंत मागे बसलेल्या इतर ताऱ्यांनी मदत करायला मुभा दिली. साध्या स्पर्धकाला असं कुजबुजणारं कोंडाळं कधी मिळालं नसतं. पण सगळं कॅमेऱ्यासमोर, म्हणून आक्षेप नाही. २०२० च्या नव्या आवृत्तीत हेच तत्त्व ठेवून प्रत्येक पाहुण्याला एक जाणकार माणूस सोबत आणू दिला, पहिल्या दहा प्रश्नांपुरता. त्याच वर्षी शेफ डेव्हिड चँग अमेरिकेत दहा लाख डॉलर जिंकणारा पहिला सेलिब्रिटी ठरला. व्हाइट हाउसमध्ये वीज आली तेव्हा राष्ट्राध्यक्ष कोण होता, हा शेवटचा प्रश्न. त्याने एका पत्रकार मैत्रिणीला फोन लावला आणि बेंजामिन हॅरिसन हे उत्तर देऊन रक्कम जिंकली. ती हॉटेल-रेस्टॉरंटमधल्या कामगारांना मदत करणाऱ्या संस्थेला गेली.

उलट बाजूचं उदाहरण ब्रिटनमधलं. २००६ च्या एका सेलिब्रिटी भागात गृहसजावटकार लॉरेन्स लुएलिन-बोवेन आणि त्याची बायको जॅकी दहा लाख पौंडांच्या प्रश्नापर्यंत पोचले. अमेरिकेच्या बोधवाक्याबद्दलचा प्रश्न होता. उत्तर चुकलं आणि पाच लाखांवरून थेट ३२,००० वर आले. नंतर लक्षात आलं की प्रश्नाची मांडणीच संदिग्ध होती. त्यांना परत बोलावून पाच लाख पौंड पुन्हा हातात दिले आणि नवा प्रश्न विचारला. या वेळी त्यांनी शहाणपणाने तिथेच थांबून पैसे संस्थेला दिले. प्रश्न काढणाऱ्यांच्या जमातीत ही गोष्ट फार वेळा सांगितली जाते. एका वाक्याच्या ढिलाईने मुलांच्या रुग्णसेवेचे ४,६८,००० पौंड जवळपास गेले होते.

आणि म्हणूनच माझं एक ठाम मत: दानासाठी खेळायचं असेल तर शिडीचा खेळ, म्हणजे "पुढे जायचं की इथे थांबायचं", घेऊ नका. स्वतःचे पैसे असले की माणूस जुगार खेळतो आणि बघायला मजा येते. संस्थेचे पैसे असले की कुणालाच "अनाथाश्रमाचे दोन लाख घालवणारा" व्हायचं नसतं. मग सगळे पाहुणे मधल्या कुठल्यातरी सुरक्षित पायरीवर नमस्कार करून उठतात आणि खेळ पांगळा होतो.

भारतात क्रम उलटा झाला, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' कॉलेजच्या संघांचा होता, तारे नव्हतेच. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर 'केबीसी' आला आणि तारा बसला सूत्रसंचालकाच्या खुर्चीत. समोर सामान्य माणूस. त्याच वर्षी आपल्या हर्षवर्धन नवाथेंनी एक कोटी जिंकले आणि घराघरांत पोचले. अमेरिकेत ट्रेबेक हा टीव्हीचा माणूस होता, म्हणून पाहुणा तारा आला की खेळाला झळाळी यायची. इथे अमिताभ बच्चन आधीच बसलेले. मग पाहुणा तारा आला की क्विझ मागे पडते आणि गप्पांचा फड रंगतो. २०२१ मध्ये 'केबीसी'तल्या 'शानदार शुक्रवार' या पाहुण्यांच्या भागांची सुरुवात सेहवाग आणि सौरव गांगुलीने झाली, त्या भागातले प्रश्न आठवणारे फार थोडे भेटतील, किस्से आठवणारे ढीगभर.

मला त्याहून जमलेला वाटतो तो 'केबीसी'त २०१८ मध्ये आलेला 'कर्मवीर' प्रकार, म्हणजे समाजकार्य करणाऱ्यांना खुर्चीत बसवणारे भाग. पहिले पाहुणे हेमलकशाचे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे. पुढच्या वर्षी सिंधुताई सपकाळ आल्या. इथे खुर्चीतल्या माणसाचं नावही मोठं आणि पैसा कुठे जाणार हेही सगळ्यांना ठाऊक. उत्तर चुकलं म्हणून सिंधुताईंची अब्रू जाणार होती का? छे! अब्रूचा धोकाच नाही म्हटल्यावर प्रश्न सोपे की अवघड याला महत्त्व उरत नाही. 'केबीसी'च्या मराठी आवृत्तीत २०१३ मध्ये सचिन खेडेकरांनी आणि २०१९ मध्ये नागराज मंजुळेंनी सूत्रसंचालकाची खुर्ची सांभाळली. तिथेही खास पाहुण्यांच्या भागांत गोडी येते ती माणूस मोकळा झाल्यावर.

'बिग बॉस' क्विझ नाही, पण एक वळण सांगण्यासारखं. ब्रिटनने आधी सामान्य माणसांचा 'बिग ब्रदर' केला आणि मग २००१ मध्ये दानासाठी सेलिब्रिटी आवृत्ती. भारताने २००६ मध्ये सामान्य माणसांची पायरी गाळून थेट ताऱ्यांनाच घरात कोंडलं. आपल्याकडे चेहऱ्यावाचून खेळ विकला जाणार नाही, ही वाहिन्यांची समजूत किती पक्की आहे ते यावरून दिसतं.

आता तुमचं स्टेज. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते मला इथून दिसत नाही. तुमचे चौघे खिलाडू वृत्तीचे आहेत का? समोर दीडशे लोक बसणार की चाळीस? मुलं किती? आरतीनंतर सुरू करणार असाल तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा आहे, म्हणजे हातात तासभर असेल की नाही शंकाच. माजी नगरसेवक पुन्हा उभे राहणार असतील तर त्यांना पाणी, गटार, पार्किंग यावर एकही प्रश्न नको. प्रश्न निष्पाप असला तरी प्रेक्षकांतून पुढची उत्तरं येतील ती निष्पाप नसतील.

मी असते तर 'पासवर्ड'ची जोडी उचलली असती. प्रत्येक पाहुण्याबरोबर सोसायटीतलं आठवी-नववीतलं एक मूल. अडलं की दोघांनी बोलायचं, माइक चालू ठेवून. पाहुणा चुकला तर मुलाबरोबर चुकला, त्यात अब्रू जात नाही. मूल बरोबर आलं तर टाळ्या दुप्पट. वजा गुण ठेवायचे असतील तर खाली मर्यादा ठेवा, शून्याखाली कुणी जाणार नाही अशी. चारही पाहुणे ज्यांच्यासाठी खेळणार त्या संस्था आधी जाहीर करा आणि शेवटच्या क्रमांकालाही ठरलेली रक्कम मिळेल असं बघा. वरचं बक्षीस फार मोठं नसलं तरी चालतं.

प्रश्नांबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण "सोपे काढा" म्हटलं की लोक भलतंच काहीतरी काढतात. स्टेजवर चुकीच्या उत्तरापेक्षा शांतता जास्त जीवघेणी. साधा स्पर्धक डोकं धरून बसला की प्रेक्षक त्याच्याबरोबर श्वास रोखतात, पाहुणा तसाच बसला की लोक मोबाइल काढतात. म्हणून सेलिब्रिटी संचातल्या प्रत्येक प्रश्नाला पकडायला एक कडी हवी. समजा मी विचारलं, "भारतातली पहिली प्रवासी रेल्वे कोणत्या तारखेला धावली?" येतं त्याला येतं, येत नाही तो गप्प. १६ एप्रिल १८५३ हे अंदाजाने कुणी सांगू शकत नाही. तोच मजकूर असा फिरवा: "१८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी चौतीस किलोमीटर धावून ज्या गावात थांबली, ते आज तलावांचं शहर म्हणून ओळखलं जातं. कोणतं?" माहिती तीच, पण आता विचार करायला जागा आहे, मोठ्याने बोलायला जागा आहे, आणि उत्तर सापडल्याचा आनंद आहे. किंवा तुमच्या नेरूळचाच घ्या: "इथल्या खाडीत आणि तळ्यांत येणाऱ्या फ्लेमिंगोचं मराठी नाव आणि भारताचं कर्णधारपद भूषवलेल्या मुंबईच्या एका क्रिकेटपटूचं नाव एकच. कोणतं?" रणजीपटू बझर दाबण्याआधी प्रेक्षकांतून 'रोहित' ओरडा येईल, तेवढी शिस्त आधी लावून घ्या.

संचात असे कडीचे प्रश्न सत्तर टक्के, उरलेले खरोखर अवघड ठेवा. अवघड आहेत हे सूत्रसंचालकाने आधी सांगावं. अवघड म्हणून जाहीर केलेला प्रश्न चुकण्यात लाज नसते. आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकच निघतं ना, हे संच न काढलेल्या दोघांकडून तपासून घ्या. त्या बोधवाक्याच्या प्रश्नासारखा घोळ झाला तर तुमच्याकडे कुणाला परत बोलवायला दुसरा गणपती पुढच्या वर्षीच आहे.

विषय पाहुण्यांना आठवडाभर आधी सांगायला हरकत नाही, चौघांना सारखेच आणि एकाच दिवशी. प्रश्न कुणालाही नाही, अध्यक्षांनाही नाही. संच काढणाऱ्याच्या घरचं कुणी स्टेजवर नको. आणि कार्यक्रम सुरू करताना सूत्रसंचालकाने दोन वाक्यांत सांगून टाकावं: आजचा संच हलका ठेवलाय, विषय पाहुण्यांना ठाऊक आहेत, प्रश्न ठाऊक नाहीत. एवढं सांगितल्यावर तुमच्या दुसऱ्या तटाकडे आक्षेप उरणार नाही असं मला वाटतं. उरलाच, तर त्यांनाच गुणलेखक करा. कागद हातात आला की ओरडणारे बहुधा गप्प होतात.

संच तपासून हवा असेल तर जरूर पाठवा, पण इथे टाकू नका. तुमच्या सोसायटीतलं कुणीतरी हे वाचत असणारच.